भाड्याची भुतं

गेले दोन वीकेंड रिलीजमध्ये गेले, त्यामुळे लिहिणं काही झालं नाही. या वेळचा विषय भुतांचा आहे. म्हणजे भुतांच्या पुस्तकांचा.

मी राहतो नारायण पेठेत. पेठेला नाव मिळालं ते नारायणराव पेशव्यांचं. ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांना कापलं. वय वर्षं अठरा. पुण्याची सगळ्यात प्रसिद्ध भूतकथा त्यांचीच, ती 'काका, मला वाचवा'वाली. त्यातल्या 'ध'चा 'मा' झाला, म्हणजे 'धरावे'चं 'मारावे' झालं, ही गोष्ट शाळेत असताना आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. आनंदीबाईंनी खरंच असं केलं याला पक्का पुरावा काही नाही, पण एका अक्षराच्या बगनं प्रॉडक्शन कायमचं बंद पडल्याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही :)

तर आमच्या पत्त्याची सुरुवातच एका भुतापासून होते. पुढे चालत आलात की मुंजाबाचा बोळ लागतो. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला, लग्नाआधीच गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो अशी जुनी समजूत. आपल्याकडची गंमत अशी की भुताला घाबरून आपण गप्प बसत नाही, त्याला शेंदूर लावतो, 'बा' लावतो आणि बोळाला त्याचं नाव देऊन टाकतो. मग त्याच बोळातून माणसं निवांत दूध आणायला जातात. २०२४ मध्ये 'मुंज्या' हा हिंदी सिनेमा आला आणि देशभर धो धो चालला. त्याचा दिग्दर्शक मराठी, भूत कोकणातलं आणि नायक पुण्यात राहणारा. ऑफिसमधल्या एका दिल्लीकरानं मला मुंजा म्हणजे काय ते विचारलं, तेव्हा मी त्याला बोळाचा नकाशा पाठवला.

पण आज मला सांगायचंय ते छापील भुताबद्दल. कारण मराठीत भयकथा जिथे छापल्या, वाटल्या आणि रद्दीत गेल्या, त्यातली बरीचशी जागा आमच्या घरापासून पायी अंतरावर आहे.

आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरातल्या कपाटात पु. ल. असतील, 'मृत्युंजय' असेल, 'श्यामची आई' असेल. नारायण धारप आहेत का? बहुतेक नसतील. आणि तरी तुमच्या आईनं, मामानं, शेजारच्या काकांनी धारप वाचलेले असतात. नुसते वाचलेले नाही, रात्री पांघरुणात वाचून मग बाथरूमला जायला कोणालातरी उठवलेलं असतं. मी गेली दोन-तीन वर्षं भेटेल त्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाला हे विचारतोय. वाचलेत का, तर हो. विकत घेतलं होतं का, तर छे! 'लायब्ररीतून आणायचो की.'

माझ्या मते मराठी भयकथेचा सगळा इतिहास या एका उत्तरात आहे. हा विकत घेण्याचा प्रकार कधी नव्हताच. ही भाड्याची भुतं होती.

थोडं मागे जाऊ. मराठीत छपाई सुरू झाली तेव्हापासून वेताळ आहेच. सदाशिव काशिनाथ छत्र्यांची 'वेताळ पंचविशी' १८३० ची, म्हणजे मराठी छापील गद्याच्या अगदी पाळण्यातली. १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि पुढची काही वर्षं अद्भुत कादंबऱ्यांची लाटच होती. भुयारं, कपटी कारभारी, मेलेली माणसं जिवंत निघणं वगैरे. मग शहाणी माणसं आली आणि कादंबरीला समाजसुधारणेच्या कामाला लावलं. ते चांगलंच झालं, पण भूत तेव्हापासून माजघरातून ओसरीवर आणि ओसरीवरून रस्त्यावर गेलं. साहित्य म्हणजे एक आणि 'टाइमपास' म्हणजे दुसरं, ही भिंत तिथून उभी राहिली. विसाव्या शतकात भिंतीच्या पलीकडे बाबूराव अर्नाळकर होते, हजारावर रहस्यकथा लिहिणारे, आणि त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक, तेही हजाराच्या वर. हे आकडे वाचून हसू येतं, पण विचार करा, इतकी पुस्तकं कोण घेत असेल? कुठलाही वाचक शे-दोनशे रहस्यकथा विकत घेऊन फळीवर लावत नाही. ती घ्यायची वाचनालयं.

हे गणित नीट समजून घेतलं की पुढचं सगळं कळतं. पेठेतल्या एका खोलीतलं खाजगी वाचनालय डोळ्यांसमोर आणा. अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. वर्गणीदार रोज बदलायला येणार, म्हणजे त्याला रोज नवं हवं. अशा वाचनालयाला महिन्याला ढीगभर नवी, पटकन संपणारी पुस्तकं लागतात. याच्या जोडीला सार्वजनिक ग्रंथालयं. आमच्या नारायण पेठेतच १९११ साली सुरू झालेलं पुणे मराठी ग्रंथालय आहे, आणि लक्ष्मी रस्त्यावर गेलात की पुणे नगर वाचन मंदिर, ते तर १८४८ चं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर अ, ब, क, ड असे वर्ग आले, सरकारी अनुदान आलं, गावोगावी ग्रंथालयं झाली आणि पुस्तकखरेदीचा आकडा दाखवणं भाग पडलं. छोट्या प्रकाशकाला हजार-अकराशे प्रती काढायच्या तर त्यातल्या बहुतेक कुठे जाणार हे छापण्याआधीच माहीत असायचं. दुकानात येऊन कोणी मागेल ही अपेक्षाच नव्हती.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती अशी की या वितरणानं पुस्तकाचा आकार ठरवला. पुस्तक एका रात्रीत संपलं पाहिजे, कारण उद्या परत करायचंय. म्हणून दीडशे ते दोनशे पानं. सुरुवातीला वर्णनाची चैन नाही, तिसऱ्या पानाला वाड्याचं दार वाजलं पाहिजे. वाचक मालिकेतलं पाचवं पुस्तक पहिल्यांदा उचलू शकतो, कारण पहिलं कोणीतरी घरी नेलंय. त्यामुळे प्रत्येक पुस्तकात नायकाची ओळख नव्यानं. धारपांचे 'समर्थ' बघा. अप्पा जोशी संकट घेऊन येणार, समर्थ शांतपणे ऐकणार, मग सामना. कुठूनही सुरू करा, चालतं. आम्ही आज ज्याला स्टेटलेस म्हणतो ते हेच, दर वेळी मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही!

नारायण धारप म्हणजे या सगळ्या प्रकाराचा मुख्य खांब. जन्म १९२५, मृत्यू २००८, मुक्काम पुणे. शंभरावर पुस्तकं. शिक्षण विज्ञानाचं, आणि ते लिखाणात दिसतं. त्यांचं भूत कधी नुसतं पांढरी साडी आणि उलटे पाय असं येत नाही. ते नियमांनी बांधलेलं असतं. ते कुठून आलं, त्याला काय लागतं, कशानं अडतं, हे माणूस टप्प्याटप्प्यानं शोधून काढतो. डिबगिंगच म्हणा ना. 'गोग्रॅमचा चितार' सारख्या पुस्तकात तर ते विज्ञानकथेत कधी शिरले हे कळतसुद्धा नाही. आणि भीती कुठे? राजवाड्यात नाही. चाळीत, नव्यानं घेतलेल्या ब्लॉकमध्ये, बदली होऊन आलेल्या कारकुनाच्या भाड्याच्या घरात. बदली, भाडं, स्वस्तात मिळालेली जागा, घरमालकाचं काहीतरी लपवणं... साठ-सत्तरच्या दशकात शहरात आलेल्या मध्यमवर्गाची खरी भीती हीच तर होती. (पेठेत भाड्यानं जागा शोधून बघा. 'बॅचलर नकोत' ही पाटी मला अजून कुठल्याही हडळीपेक्षा जास्त घाबरवते.)

आता अवघड भाग. धारपांनी बाहेरून बरंच घेतलं. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट' वरून, 'शपथ' ही त्याच्याच १९८६ च्या 'इट' वरून. हे आता वाचकांमध्ये उघड आहे. धारपांच्या काही कथांत लव्हक्राफ्टची सावलीही मला स्पष्ट दिसते, ते माणसाच्या आधीचे, माणसाशी काही देणंघेणं नसलेले देव. माझ्या वयाचे काही मित्र हे कळल्यावर एकदम 'कॉपी केलंय रे' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही आणि दुसरीकडे 'त्या काळी चालायचं' हेही पूर्ण पटत नाही. रूपांतर करणं म्हणजे नावं बदलणं नसतं. अमेरिकेतल्या गावात पिशाच्चासमोर क्रॉस धरता येतो, होली वॉटर शिंपडता येतं. सांगा, महाराष्ट्रातल्या गावात काय धराल? अंगारा? रुद्राक्ष? पण मग तो अंगारा कोणाच्या श्रद्धेनं काम करतो, देवाच्या की माणसाच्या? हा प्रश्न सोडवल्याशिवाय ती गोष्ट मराठीत उभीच राहत नाही, आणि धारपांनी तो सोडवला. कसब त्यांचं आहेच. पण पुस्तकावर मूळ लेखकाचं नाव असायला हवं होतं, आणि आज नवी आवृत्ती काढताना तरी ते घालायला हवं. दोन ओळींची प्रस्तावना पुरते. त्यानं धारप लहान होत नाहीत, उलट वाचक दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघेल आणि थक्क होईल.

धारपांच्या जोडीला रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०). त्यांनी 'गूढकथा' हा शब्द रुजवला आणि मुद्दाम रुजवला. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'फाशी बखळ' यांतली भीती बहुतेक वेळा माणसाच्या आतून येते. मत्सर, अपंगत्वाचा राग, म्हाताऱ्या माणसाची चिकाटी. धारपांकडे शेवटी समर्थ येतात. मतकरींकडे कोणी येत नाही. नाटककार म्हणून मतकरींना जो मान मिळाला तो गूढकथांच्या शेल्फपर्यंत फारसा पोचला नाही, पण निदान त्यांची पुस्तकं छापत राहिली, दुकानात मिळत राहिली. हा फरक लक्षात ठेवा.

आणि मासिकं! पुस्तकांच्या आधी मासिकं होती. अनंत अंतरकर (१९११-१९६६) या संपादकानं १९४६ साली 'हंस' काढलं, पाठोपाठ 'मोहिनी' आणि 'नवल'. तिन्हींची वाटणी मजेदार होती. 'हंस' वाङ्मयीन, 'मोहिनी' विनोदी आणि 'नवल' म्हणजे गूढ, अद्भुत, भयानक, साहसी असं सगळं. एका माणसानं, पुण्यात बसून, एकाच वेळी भिंतीच्या दोन्ही बाजूंना खुर्ची टाकली होती. त्यांच्या मागे मुलगा आनंद अंतरकर यांनी तीच परंपरा चालवली, २०२१ मध्ये ते जाईपर्यंत. तिकडे 'धनंजय' हा दिवाळी अंक रहस्य, भय आणि विज्ञानकथांसाठी. मराठीत नवा भयकथाकार आला की तो आधी या दोन दारांपैकी एका दारातून येणार हे ठरलेलं.

इथे मला सारखी अमेरिकेतली एक गोष्ट आठवते. 'वीअर्ड टेल्स' नावाचं स्वस्त मासिक तिकडे १९२३ मध्ये सुरू झालं. एच. पी. लव्हक्राफ्टच्या कथा त्यात यायच्या. १९३७ मध्ये तो गेला तेव्हा त्याचं नाव त्या मासिकाच्या वाचकांपलीकडे कोणाला माहीत नव्हतं, आणि मासिकाचा कागद इतका हलका की काही वर्षांत पानं पिवळी पडून तुकडे व्हायचे. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री हे त्याचे दोन तरुण लेखकमित्र. मोठ्या प्रकाशकांनी नकार दिल्यावर या दोघांनी १९३९ मध्ये स्वतःच आर्कहॅम हाउस नावाची प्रकाशनसंस्था काढली, विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटी या लहानशा गावात. पहिलं पुस्तक लव्हक्राफ्टचा कथासंग्रह, प्रती १२६८. त्या संपायला काही वर्षं लागली. आज जगभर लव्हक्राफ्टच्या नावानं सिनेमे, गेम्स, टी-शर्ट जे काही चाललंय त्याची सुरुवात त्या १२६८ प्रतींत आहे. डर्लेथनं लव्हक्राफ्टच्या अर्धवट टिपणांवरून स्वतःच कथा लिहून त्याच्या नावाशी जोडल्या, त्याबद्दल त्याला आजही शिव्या बसतात, आणि त्या बरोबरच आहेत. पण त्यानं पुठ्ठ्याच्या बांधणीत पुस्तक काढलं नसतं तर शिव्या द्यायला तरी काय उरलं असतं?

आपल्याकडे हे काम कोणी केलं नाही असं म्हणवत नाही, पण ते उशिरा आणि अर्धंच झालं.

उशीर का झाला, तर त्याचं कारण पुन्हा वाचनालयच. वाचनालयातलं पुस्तक वापरून मरतं. आधी ते पक्क्या बांधणीला जातं, तिथे मुखपृष्ठ फाडून टाकतात आणि कडा छाटतात. मग आतल्या पानावर दाखल क्रमांक, शिक्के, मागे तारखांची चिठ्ठी. त्या चिठ्ठ्या मला फार आवडतात. पुस्तक किती चाललं याचा असा प्रामाणिक लॉग आजच्या कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही. धारपांच्या एका पुस्तकाच्या चिठ्ठीवर मी लागोपाठच्या तारखा पाहिल्यात, मध्ये एका दिवसाचंही अंतर नाही. आणि नेमकं म्हणूनच ते पुस्तक फाटतं, मग जीर्ण म्हणून त्याचं निर्लेखन होतं. निर्लेखन हा ग्रंथालयाचा शब्द, अर्थ असा की नोंदवहीतून नाव कमी करायचं आणि रद्दीत द्यायचं. जे पुस्तक कोणी वाचत नाही ते पन्नास वर्षं कपाटात सुखरूप राहतं. जे सगळे वाचतात ते आधी जातं. माझ्या गावच्या वाचनालयात सातवी-आठवीत असताना मी हे घडताना पाहिलंय. एका मे महिन्यात भयकथांचं अख्खं कपाट रिकामं झालं आणि त्या जागी स्पर्धापरीक्षांची पुस्तकं आली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, 'अरे, आता ती भुतं कोण वाचतंय?' मी वाचत होतो की!

पुण्यात याला पाण्याचीही साथ मिळाली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या शनिवार, नारायण वगैरे पेठांत पाणी शिरलं. वाडेच्या वाडे कोसळले. माळ्यावर, दिवाणाखाली जपलेले किती जुने अंक त्या दिवशी लगदा झाले असतील याची मोजदाद कोण करणार.

आता 'तुंबाड'कडे येतो, कारण ही गोष्ट त्याशिवाय पूर्ण होत नाही. राही अनिल बर्वे हा दिग्दर्शक, 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा मुलगा. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्याला रात्री धारपांची एक गोष्ट सांगितली आणि त्याची पार तंतरली. ती गोष्ट म्हणजे 'आजी', आणि 'आजी'चं मूळ स्टीफन किंगची 'ग्रॅमा', ज्यात एक मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीबरोबर घरात एकटा राहतो. त्या एका रात्रीच्या भीतीतून पुढे वीस-पंचवीस वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१८ ला 'तुंबाड' आला. शीर्षक श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, कथा वेगळीच, पण साखळीनं बांधलेली ती आजी आणि तिच्याबरोबर घरात राहिलेला मुलगा आहेच. सिनेमाचा पुढचा भाग तर पुण्यातच घडतो. पहिल्या वेळी बेताचा चालला, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा आधीपेक्षा जास्त धंदा केला.

या साखळीत मला रुतून बसलेली गोष्ट वेगळी आहे. बर्व्यांनी ती कथा वाचली नव्हती, ऐकली होती. अमेरिकेत छापलेली कथा पुण्यात मराठीत आली, छापली गेली, वाचनालयातून फिरली, आणि शेवटी जंगलात तोंडी सांगितली गेली. म्हणजे छापील कथा पुन्हा आजीच्या गोष्टीसारखी झाली. ऐकायला हे रोमँटिक वाटतं. पण एक वाईट बाजू आहे. गोष्ट तोंडी फिरते तेव्हा लेखकाचं नाव वाटेत गळतं. 'आजी'च्या बाबतीत सांगणाऱ्याला धारपांचं नाव आठवत होतं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे. 'नवल'मधल्या किती कथा नुसत्या 'मी एकदा एक गोष्ट वाचली होती बघ, त्यात एक विहीर असते...' एवढ्यावर उरल्यात? माझ्याकडे अशा तीन विहिरी, एक झोपाळा आणि एक शिंप्याचं दुकान जमा आहे. लेखक एकाचाही सापडलेला नाही.

२०१८ हे वर्ष तसं कलाटणीचंच. त्याच वर्षी झी मराठीवर धारपांच्या 'ग्रहण'वरून मालिका आली, पल्लवी जोशींची. धारप हे नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं अशी पोरं दुकानात जाऊन विचारायला लागली. आणि या वेळी पुस्तकं होती. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, साकेत प्रकाशनानं धारपांची पुस्तकं नव्या मुखपृष्ठांसह एकामागून एक आणली. आमच्या शेजारच्या शनिवार पेठेतल्या रोहन प्रकाशनानंही त्यांची काही पुस्तकं नव्यानं काढली. इंग्रजीच्या हिशेबात या सगळ्या स्मॉल प्रेसच म्हणायच्या, मराठीत मोठा प्रकाशक म्हणजे तरी किती मोठा असतो? पण पहिल्यांदाच असं झालं की धारप भाड्यानं आणायचे नाहीत, विकत घ्यायचे. अप्पा बळवंत चौकात गाईड आणि नवनीतच्या ढिगांमध्ये 'लुचाई' उभी दिसते तेव्हा मला अजूनही थोडं चुकल्यासारखं होतं. स्वच्छ, कोरी, शिक्का नसलेली 'लुचाई'!

हे काम वाटतं तितकं सोपं नाही, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. जुनं पुस्तक खिळ्यांवर छापलेलं, त्याची फाइल अशी काही नाहीच. नव्वदनंतरचं असेल तर फाइल असते, पण ती पेजमेकरमध्ये, श्रीलिपी नाहीतर आयएसएमच्या फॉन्टमध्ये. (दोन्ही सॉफ्टवेअर आपल्या पुण्यातली बरं का, एक मॉड्युलर इन्फोटेकचं आणि एक सीडॅकचं.) त्या फॉन्टमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेला नसतो, कुठल्यातरी रोमन अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट गेला की उरतं ते धारपांच्या मांत्रिकानं म्हणावं असं काहीतरी :) युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण मराठी प्रकाशक तिकडे वळायला पुढे कित्येक वर्षं गेली. म्हणजे नवी आवृत्ती काढायची तर बहुतेक वेळा पुन्हा टाइप करा, पुन्हा मुद्रितं तपासा. ओसीआर जोडाक्षरांवर अजून अडखळतं, आणि शाई फुटलेल्या जुन्या पानावर तर 'घ' आणि 'ध' मध्ये त्याला काही फरकच दिसत नाही. 'धर' म्हणायचं तिथे 'घर'. पुन्हा 'ध'चा गोंधळ, नारायण पेठेला तो काही नवीन नाही.

नवीन काय लिहिलं जातंय? माझ्या पिढीसाठी हे नाव म्हणजे हृषीकेश गुप्ते. 'अंधारवारी'पासून सुरुवात, मग रोहनची 'घनगर्द' आणि 'हाकामारी', मध्येच राजहंसनं काढलेली 'दंशकाल'. हाकामारी म्हणजे रात्री दारात येऊन नावानं हाक मारणारी, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत जुनं कोकणातलंच, पण गुप्ते घाईत नाहीत. हा मला सगळ्यात मोठा फरक वाटतो. वाचक पुस्तक विकत घेणार, दोन आठवडे उशाशी ठेवणार, हे धरून लिहिलेलं गद्य आहे. लांब वाक्यं, घराचं, घरातल्या माणसांचं, त्यांच्या वासनांचं सावकाश वर्णन, आणि भूत आहे की नाही याचा निकाल द्यायची जरूरही वाटत नाही. 'दंशकाल' तर भयकथा म्हणून दुकानात लावलेलीच नसते, ती 'कादंबरी'च्या शेल्फवर असते. भिंत थोडी पडली म्हणायची. मला कधी कधी धारपांचा वेग आठवून चुकचुकायला होतं. 'घनगर्द' वाचताना मध्येच वाटतं, आता दार वाजवा की हो. पण भाडं भरून वाचणारा आणि विकत घेऊन वाचणारा यांची भीती वेगळी असणारच.

आता माझं खरं दुखणं. सुटका झाली ती नावांची. धारप वाचले, मतकरी वाचले, कारण त्यांची पुस्तकं होती. ज्यांनी 'नवल'मध्ये फक्त चार-पाच कथा लिहिल्या आणि मग बँकेत, पोस्टात, शाळेत नोकरी करून निवृत्त झाले, त्यांचं काय? त्यांचं पुस्तक कधी निघालंच नाही. आणि माझा अनुभव असा की जुन्या अंकातली मनात घर करून राहणारी कथा बऱ्याचदा अशाच एखाद्या माणसाची असते. ती पुन्हा छापायची तर कायदा आडवा येतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे. धारपांचं लिखाण मुक्त व्हायला १ जानेवारी २०६९ उजाडेल, तोवर मी सत्तरीला आलेला असेन. धारपांचे निदान वारस आणि प्रकाशक माहीत आहेत. 'नवल'मधल्या एखाद्या कथालेखकाचं नुसतं आडनाव आणि आद्याक्षरं छापलेली असतील तर परवानगी कोणाकडे मागणार, आणि तो कधी गेला हेच कळत नसेल तर साठ वर्षं कुठून मोजणार? छोट्या प्रकाशकाला वकील परवडत नाही. मग तो पुन्हा धारपच छापतो.

मला यावर एवढंच सुचतंय की निदान यादी तरी करावी. कथा नाही, फक्त यादी. अंकाचा महिना, वर्ष, कथेचं नाव, लेखकाचं नाव. यादीला कोणाची परवानगी लागत नाही. मी गेल्या दिवाळीपासून एक्सेलमध्ये सुरुवात केली आहे. रविवारी सकाळी लक्ष्मी रस्त्याच्या कडेला जुन्या पुस्तकांचे गठ्ठे घेऊन बसणारे दोघं-तिघं आता मला ओळखतात. एकानं तर 'भुताचे आलेत' अशी हाक मारली परवा, आजूबाजूच्या दोन आजी दचकून बघायला लागल्या. आतापर्यंत २३ अंक झालेत, त्यातले नऊ मुखपृष्ठाशिवाय, दोघांची शेवटची पानं नाहीत.

तर तुमच्या घरी माळ्यावर, आजोळी, बंद पडलेल्या वाचनालयात 'नवल' किंवा 'धनंजय'चे जुने अंक असतील तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. देऊन टाकायचेच असले तरी आधी अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो काढा. आणि त्यात कुठे विहीर, झोपाळा किंवा शिंप्याचं दुकान असलेली कथा दिसली तर लेखकाचं नाव तेवढं मला कळवा.